फाइल तर डाउनलोड झाली, पण ती उघडायची कोणत्या संगणकावर?

जुने घरगुती संगणक पुन्हा लोकांच्या टेबलावर दिसू लागले आहेत. २०१८ मध्ये कमोडोर ६४ ची छोटी प्रतिकृती बाजारात आली, २०२२ मध्ये अमिगा ५०० ची आणि २०२४ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रमची. त्या पाहून अनेकांनी कपाटात पडून असलेली मूळ यंत्रंही बाहेर काढली. यंत्र चालू झालं की त्यासाठी काहीतरी शोधून डाउनलोड केलं जातं, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. फाइलीच्या नावाच्या शेवटी एलएचए, एसआयटी, एसएचके, डीएमएस किंवा डी६४ अशी अनोळखी अक्षरं असतात. यातल्या बहुतेक फाइली म्हणजे कमी जागेत मावाव्यात म्हणून आवळून, म्हणजे कॉम्प्रेस करून बांधलेले गठ्ठे. आजचा संगणक एक तर तिला ओळखत नाही, किंवा ती बिनतक्रार उघडून देतो आणि आतल्या फाइली जुन्या यंत्रावर नेल्या की त्या चालत नाहीत.

यातला दुसरा प्रकार जास्त छळतो, कारण चूक कुठे झाली ते कळतच नाही. अशा वेळी लोक विचारतात, ‘ही फाइल कोणत्या सॉफ्टवेअरने उघडते?’ माझ्या मते त्याआधी विचारायला हवं, ‘ही फाइल कोणत्या यंत्रावर उघडायची?’ या एका प्रश्नाचं उत्तर नीट लावलं तर बाकीच्या बहुतेक अडचणी मार्गी लागतात.

कॉम्प्रेशन म्हणजे नेमकं काय होतं

संगणकातला मजकूर पुनरुक्तीने भरलेला असतो. खेळातल्या चित्रात निळं आकाश असेल, तर निळ्या ठिपक्याची नोंद शेकडो वेळा सलग येते. शेकडो नोंदींऐवजी ‘निळा, ३०० वेळा’ एवढंच लिहिलं तरी माहिती तीच राहते. ही सगळ्यात साधी पद्धत.

यापुढची पायरी अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी १९७७ मध्ये मांडली. ‘काल पाऊस पडला, आज पाऊस पडला, उद्या पाऊस पडेल’ हे वाक्य घ्या. ‘आज’ लिहून झाल्यावर ‘पाऊस पडला’ पुन्हा लिहायची गरज नाही. ‘तीन शब्द मागे जा आणि तिथले दोन शब्द उचल’ एवढी सूचना पुरते. उलगडणारा प्रोग्राम सूचना वाचतो, मागे जातो, शब्द उचलतो आणि मूळ वाक्य जसंच्या तसं तयार करतो. झिप, एलएचए या सगळ्यांच्या पोटात याच कल्पनेची रूपं आहेत. त्यावर डेव्हिड हफमन यांची १९५२ ची युक्ती चढवली जाते: वारंवार येणाऱ्या चिन्हांना छोटे संकेत द्यायचे, क्वचित येणाऱ्यांना मोठे.

यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या पुढे उपयोगी पडणार आहेत. उलगडणाऱ्याला ‘मागे’ पाहावं लागतं, म्हणजे नुकताच उलगडलेला मजकूर कुठेतरी हाताशी ठेवावा लागतो. दुसरं असं की सगळी पुनरुक्ती काढून टाकल्यावर जे उरतं, त्यात फालतू असं काहीच नसतं. साध्या मजकुरात एक अक्षर बिघडलं तर वाचणारा अंदाजाने ते दुरुस्त करतो. कॉम्प्रेस केलेल्या फाइलीत एक बाइट बिघडला, तर त्याच्यावर विसंबलेल्या पुढच्या सगळ्या सूचना चुकत जातात.

तेव्हा एवढी काटकसर कशासाठी?

कमोडोर ६४ च्या १५४१ फ्लॉपी ड्राइव्हवर एका बाजूला ६८३ कप्पे, प्रत्येकी २५६ बाइटचे. म्हणजे पूर्ण डिस्क १,७४,८४८ बाइटची. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या, ३०० बॉड वेगाच्या मोडेमवरून सेकंदाला साधारण ३० बाइट येत, म्हणजे एक डिस्क उतरवायला दीड तासाहून जास्त वेळ. २४०० च्या मोडेमवर तेच काम सुमारे १२ मिनिटांचं. टेलिफोनचं बिल मिनिटांवर आणि घरातला एकुलता एक फोन तेवढा वेळ अडलेला. फाइल निम्मी झाली की वेळ निम्मा, खर्च निम्मा आणि मध्येच लाइन तुटण्याची भीतीही निम्मी.

फाइली पाठवायचे नियमही याच गरजेतून आले. वॉर्ड ख्रिस्तेन्सन यांनी १९७७ मध्ये एक्समोडेम लिहिला. फाइलीचे १२८ बाइटचे तुकडे करायचे, प्रत्येकासोबत पडताळणीचा आकडा पाठवायचा, आणि आकडा जुळला नाही तर तो तुकडा पुन्हा मागायचा. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि रँडी स्यूस यांनी शिकागोत टेलिफोनवरून चालणारा पहिला सार्वजनिक संगणक-फलक (बुलेटिन बोर्ड), म्हणजे मोडेमने जोडून निरोप ठेवायची आणि वाचायची जागा, सुरू केला. अशा फलकांवर फाइली ठेवायच्या तर दहा सुट्या फाइलींपेक्षा एक गठ्ठा सोयीचा. अनेक फाइली एकत्र बांधून कॉम्प्रेस केलेल्या अशा गठ्ठ्याला आर्काइव्ह म्हणतात.

जितकी यंत्रं, तितके गठ्ठे

पीसीच्या जगात १९८५ मध्ये ‘एआरसी’ आला. फिल कात्झ यांनी त्याचीच जास्त वेगवान आवृत्ती काढली, प्रकरण कोर्टात गेलं, तडजोड झाली आणि १९८९ मध्ये कात्झ यांनी नवाच प्रकार आणला: झिप. त्याची रचना त्यांनी सर्वांना वापरता येईल अशी खुली ठेवली. आज प्रत्येक फोन झिप उघडू शकतो, त्याच्या मुळाशी हा निर्णय आहे असं मला मनापासून वाटतं.

बाकीच्या यंत्रांनी आपापल्या वाटा धरल्या. जपानमध्ये हारुयासू योशिझाकी यांनी बनवलेली एलएचए पद्धत अमिगावर इतकी रुजली की १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘अमिनेट’ या अमिगाच्या प्रचंड संग्रहाचा तोच प्रमाण प्रकार ठरला. मॅकिंटॉशसाठी रेमंड लाउ यांनी शाळेत असताना १९८७ मध्ये ‘स्टफइट’ लिहिलं, त्याच्या फाइली म्हणजे एसआयटी. ॲपल २ साठी ‘श्रिंकइट’ आलं, त्याच्या फाइली एसएचके. कमोडोर ६४ वर तर पूर्ण डिस्कच चार फाइलींत बांधायची पद्धत पडली. त्यांच्या नावांची सुरुवात १!, २!, ३! आणि ४! अशी असते. डिस्कवर कप्प्यांच्या गोल रांगा असतात, त्या पट्ट्या; ३५ पट्ट्यांच्या डिस्कचे चार वाटे केले की प्रत्येक वाट्यात जास्तीत जास्त ४४,८०० बाइट येतात, आणि तेवढे ६४ केबी स्मृतीत मावतात. चारपैकी एक फाइल हरवली की डिस्क पूर्ण बनत नाही.

हे वेगळेपण हट्टापायी आलेलं नव्हतं. प्रत्येक यंत्रावर ‘फाइल’ या गोष्टीचाच अर्थ वेगळा होता, आणि मूळ प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

फाइल म्हणजे नुसता आतला मजकूर नव्हे

औषधाच्या गोळ्या पाकिटातून काढून नुसत्या डबीत भरल्या, तर गोळ्या त्याच राहतात, पण नाव, मात्रा आणि मुदत पाकिटाबरोबर जाते. जुन्या यंत्रांच्या बऱ्याच फाइलींना असंच एक पाकीट असतं, आणि आजच्या संगणकाला त्यासाठी जागाच नसते.

सगळ्यात ठळक उदाहरण जुन्या मॅकचं. तिथे एका फाइलीचे दोन भाग असतात. एका भागात मजकूर, आणि ‘रिसोर्स फोर्क’ नावाच्या दुसऱ्या भागात चिन्हं, मेनू, खिडक्यांची मांडणी. मॅकच्या मूळ ६८००० प्रोसेसरच्या काळात तर प्रोग्रामचा चालणारा कोडही या दुसऱ्या भागातच असे. शिवाय प्रत्येक फाइलीला चार अक्षरांचा प्रकार आणि चार अक्षरांचा निर्माता असे दोन शिक्के असतात. फाइलीवर दोनदा क्लिक केल्यावर काय उघडायचं हे मॅक या शिक्क्यांवरून ठरवतो, नावाच्या शेवटच्या अक्षरांवरून नाही. आता ही फाइल विंडोजवर उलगडली तर काय होईल? मजकुराचा भाग उतरतो, दुसरा भाग आणि शिक्के गळून पडतात. ज्या प्रोग्रामचा सगळा जीव दुसऱ्या भागात होता, तो शून्य बाइटची फाइल होऊन समोर येतो. डाउनलोड बरोबर होतं, आर्काइव्ह शाबूत होतं, तरी हाती काहीच नाही.

ॲपल २ च्या प्रोडॉस या कार्यप्रणालीत प्रत्येक फाइलीला प्रकाराचा एक आकडा असतो आणि जोडीला आणखी एक आकडा. प्रोग्रामच्या बाबतीत हा जोड आकडा सांगतो की तो स्मृतीत कोणत्या पत्त्यावर चढवायचा. तो हरवला तर प्रोग्राम आहे, पण कुठे ठेवायचा ते यंत्राला ठाऊक नाही. श्रिंकइट हे आकडे सांभाळून ठेवतं. झिपच्या मूळ रचनेत त्यांना ठरलेली जागा नाही.

अमिगाची गोष्ट थोडी सौम्य आहे, म्हणूनच तिथे लोक फसतात. एलएचए फाइल विंडोजवर उघडली तर बहुतेक वेळा सगळं ठीक दिसतं, चिन्हांच्या फाइलीही वेगळ्या असल्याने सुखरूप येतात. गळतात ते संरक्षणाचे बिट: ही फाइल चालवता येते का, ती आज्ञांची यादी म्हणून वाचायची का, वगैरे. मग आज्ञांची फाइल नुसती नावाने चालत नाही, प्रोग्राम अनपेक्षित ठिकाणी हटकला जातो. शिवाय अमिगावर फाइलीच्या नावात अपूर्णविराम आणि तिरकी रेघ सोडून जवळपास काहीही चालतं. प्रश्नचिन्ह चालतं, ‘एयूएक्स’ हे नावही चालतं. विंडोजला ही नावं मान्य नाहीत, त्यामुळे अशा फाइली एक तर बदललेल्या नावाने उतरतात किंवा वगळल्या जातात, आणि शंभर फाइलींच्या गर्दीत हे लक्षातही येत नाही.

आर्काइव्ह बंद असेपर्यंत पाकीट आत सुरक्षित असतं. ते फाडलं जातं आपण चुकीच्या यंत्रावर उघडतो त्या क्षणी. म्हणून ज्या यंत्राच्या पद्धतीने गठ्ठा बांधलेला आहे, तो त्या यंत्रापर्यंत बंदच न्यावा आणि तिथेच उघडावा.

मग सगळंच जुन्या यंत्रावर उघडायचं का?

नाही. आज मिळणाऱ्या फाइलींना बहुधा एकाहून जास्त थर असतात आणि प्रत्येक थर वेगळ्या काळातला असतो. कमोडोर ६४ चा खेळ डाउनलोड केला तर बाहेर झिप असते. ती नंतर कोणीतरी साठवणीच्या सोयीसाठी बांधलेली असते. आत डी६४ फाइल. ही डिस्कची प्रतिमा, म्हणजे पूर्ण फ्लॉपीवरचा प्रत्येक बाइट जसाच्या तसा उतरवलेली एकच फाइल. बाहेरची झिप आजच्या संगणकावर खुशाल उघडा. प्रतिमेच्या आत मात्र हात घालू नका, कारण फाइलींची नावं, प्रकार आणि क्रम तिथेच आहेत. आजची एसडी कार्डाची जोडणी लावली तर कमोडोर ती प्रतिमा थेट डिस्क म्हणून वाचतो.

अमिगाच्या डिस्कची प्रतिमा एडीएफ, आकार नेमका ९,०१,१२० बाइट. आकार पाहिला तरी ती पूर्ण आहे की तुटकी ते कळतं. डीएमएस म्हणजे तीच डिस्क कॉम्प्रेस केलेली. ती आजच्या संगणकावर उलगडून एडीएफ करून घेतली तरी काही बिघडत नाही, कारण प्रतिमेच्या आत पाकीट शाबूत राहतं. फ्लॉपी ड्राइव्हऐवजी बसवायच्या ‘गोटेक’ या उपकरणावर एडीएफ पेन ड्राइव्हवरून थेट चालते.

कधी कधी तर उघडायचंच नसतं. अमिगा ५०० च्या छोट्या प्रतिकृतीवर हार्ड डिस्कसाठी तयार केलेले खेळ एलएचए स्वरूपातच यूएसबीवर ठेवायचे असतात, पुढचं ती स्वतः पाहते. लोक उत्साहाने ते आधीच उलगडून ठेवतात आणि मग खेळ यादीत का दिसत नाही म्हणून शोधत बसतात.

जुन्या पीसीवरची एमएस-डॉस ही कार्यप्रणाली सगळ्यात सोपी. तिथे फाइलीला तारीख आणि दोन-चार खुणा यापलीकडे पाकीट नसतं, त्यामुळे आजच्या संगणकावर उलगडून फोल्डर नेला तरी चालतो. फक्त नावं आठ अक्षरं, टिंब आणि तीन अक्षरं या मापात हवीत. अटारी एसटीची फ्लॉपीही पीसीच्या ७२० केबी फ्लॉपीची जवळची नातेवाईक, तिथेही फारसा त्रास नाही.

थर ओळखण्याची खूण अशी: नाव शेवटाकडून वाचायचं. ‘एसआयटी.एचक्यूएक्स’ असेल तर बाहेरचा थर एचक्यूएक्स, म्हणजे बिनहेक्स. ई-मेलमधून फक्त साधी अक्षरं सुखरूप जात, त्या काळात फाइलीचे दोन्ही भाग आणि शिक्के अक्षरांत बदलून पाठवायची ही युक्ती. तीन बाइटसाठी चार अक्षरं लागत, म्हणून फाइल तिसऱ्या हिश्शाने फुगे. अशा फाइलीच्या सुरुवातीलाच ती बिनहेक्स ४.० ने उलगडावी अशी सूचना इंग्रजीत लिहिलेली असते. हे दोन्ही थर मॅकचेच, म्हणून दोन्ही मॅकवरच उघडायचे.

उलगडणारा प्रोग्रामच गठ्ठ्यात असेल तर?

आधी कोंबडी की आधी अंडं, असा हा पेच आहे. नव्याने चालू केलेल्या अमिगावर एलएचए उघडणारा प्रोग्राम नसतो, आणि तो प्रोग्राम मिळतो अमिनेटवर, जिथे जवळपास सगळं एलएचएमध्येच बांधलेलं. त्या काळच्या लोकांनी यावर उपाय काढला तो स्वतःच उलगडणाऱ्या फाइलीचा. गठ्ठ्याच्या पुढे उलगडण्याचा छोटा कोड जोडून सगळं मिळून एक प्रोग्राम करायचा. तो चालवला की गठ्ठा सुटतो. अमिनेटवर एलएचए प्रोग्राम ‘एलएचए.रन’ या नावाने अशाच रूपात ठेवलेला आहे. मॅकवर अशा फाइलींचा शेवट एसईए असा असतो.

मॅकवर हा पेच आणखी एक पीळ घेतो, कारण एसईए हा स्वतः मॅकचा प्रोग्राम आहे आणि तो विंडोजमार्गे आला तर त्याचंच पाकीट गळतं. इथे मला सगळ्यात भरवशाचा वाटणारा मार्ग एम्युलेटरमधून जातो. एम्युलेटर म्हणजे आजच्या संगणकावर चालणारं, जुन्या यंत्राची हुबेहूब वागणूक करणारं सॉफ्टवेअर: मॅकसाठी मिनी व्हीमॅक किंवा बॅसिलिस्क २, अमिगासाठी विनयूएई, कमोडोरसाठी व्हाइस. एम्युलेटरमध्ये जुन्या यंत्राच्या रचनेची रिकामी डिस्क-प्रतिमा जोडायची, गठ्ठा बंदच आत न्यायचा, तिथे उलगडायचा आणि फाइली त्या प्रतिमेवर ठेवायच्या. मग ती पूर्ण प्रतिमा एसडी कार्डावरून किंवा गोटेकवरून खऱ्या यंत्राला द्यायची. सगळं उलगडणं जुन्या यंत्राच्याच नियमांनी होतं आणि आजच्या संगणकाचा वेगही मिळतो. आजचा मॅक तरी जुन्या मॅकच्या फ्लॉपीची प्रतिमा वाचेल असं वाटतं, पण मॅकओएसने जुन्या एचएफएस रचनेचा (डिस्कवर फाइली मांडण्याच्या मॅकच्या जुन्या पद्धतीचा) आधार २०१९ च्या आवृत्तीपासून काढून टाकला आहे. तिथेही एम्युलेटरच कामाला येतो.

जुन्या यंत्रानेच थेट डाउनलोड का करू नये?

काही यंत्रांना नेटवर्क कार्ड मिळतं, ब्राउझरही असतो. पण आजची बहुतेक संकेतस्थळं सुरक्षित जोडणीशिवाय बोलत नाहीत, आणि त्या जोडणीचं गणित जुन्या ब्राउझरला येत नाही, किंवा आलं तरी जुन्या प्रोसेसरला पेलत नाही. म्हणून डाउनलोड आजच्या संगणकावर आणि तिथून पुढे वाहतूक, हाच व्यवहार्य क्रम.

वाहतुकीत फ्लॉपी वापरायची असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अमिगा एका पट्टीवर ११ कप्पे लिहितो, आणि ती पट्टी लिहिण्याची त्याची पद्धतच वेगळी आहे. त्यामुळे यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह अमिगाची ८८० केबी डिस्क लिहू शकत नाही. जुन्या मॅकची ४०० आणि ८०० केबीची डिस्क तर पट्टीनुसार फिरण्याचा वेग बदलत लिहिली जाते, तीही पीसीच्या आवाक्याबाहेर. उलट दिशेने मात्र वाट आहे: अमिगाच्या वर्कबेंच या कार्यप्रणालीच्या २.१ आवृत्तीपासून सोबत क्रॉसडॉस नावाचं सॉफ्टवेअर येतं आणि ते पीसीची ७२० केबी फ्लॉपी वाचतं. एलएचए गठ्ठा अशा फ्लॉपीवर बंद न्यायचा आणि अमिगावर उलगडायचा. १९८८ नंतरचे १.४४ एमबी ड्राइव्ह असलेले मॅक, योग्य सॉफ्टवेअर असेल तर, पीसीची फ्लॉपी वाचू शकतात.

सिरीयल केबलने पाठवताना किंवा जुन्या एफटीपी (नेटवर्कवरून फाइली आणणाऱ्या) प्रोग्रामने उतरवताना ‘टेक्स्ट’ आणि ‘बायनरी’ असे दोन पर्याय दिसतात. ओळ कुठे संपली हे दाखवायला डॉस दोन बाइट वापरतो (१३ आणि १०), अमिगा फक्त १०, जुना मॅक आणि कमोडोर फक्त १३. टेक्स्ट पर्यायात वाटेवरचा प्रोग्राम हे बाइट परस्पर बदलतो. पत्रासाठी ते उपकारक, गठ्ठ्यासाठी जीवघेणं. कॉम्प्रेस केलेल्या फाइलीत सगळे बाइट जवळपास सारख्याच प्रमाणात येतात, म्हणजे दर २५६ मध्ये एखादा १० असतोच. १०० केबीची फाइल अशा बदलाने सुमारे ४०० बाइटने फुगते. तेव्हा गठ्ठा उघडेना आणि पोचलेल्या फाइलीचा आकार मूळ आकाराहून थोडासाच वेगळा दिसला, तर पहिला संशय यावर घ्या. एक सौम्य अपवाद आहे: एक्समोडेम शेवटचा १२८ चा तुकडा भरून काढतो, त्यामुळे फाइलीच्या शेवटी १२७ पर्यंत बाइट जास्त येऊ शकतात. बहुतेक आर्काइव्ह ते सोसतात.

सगळं नीट केलं, तरी उलगडत नाही

आधी जागा पाहा. उलगडताना गठ्ठाही हवा आणि आतून निघालेल्या फाइलींनाही जागा हवी. १५४१ च्या रिकाम्या डिस्कवर वापरायला ६६४ कप्पे मिळतात. ९० केबीचा गठ्ठा उलगडून १२० केबी होणार असेल, तर दोन्ही एका डिस्कवर मावणारच नाहीत. दुसरा ड्राइव्ह हवा, नाही तर डिस्का आलटून पालटून घालाव्या लागतात. वेळही लागतो. हा ड्राइव्ह मूळ वेगाने सेकंदाला साधारण ४०० बाइट वाचतो, म्हणजे एक डिस्क नुसती वाचायलाच सात मिनिटं. दिवा लुकलुकतो आहे तोवर यंत्र बंद करू नका, ते काम करत असतं.

मग स्मृती. उलगडणाऱ्याला मागचा मजकूर हाताशी ठेवावा लागतो हे वर आलंच. किती मागे पाहायचं ते पद्धतीनुसार ठरतं. एलएचएच्या जुन्या प्रकारात ४ केबी, नंतरच्या रुळलेल्या प्रकारात ८ केबी, आणि १९९३ पासून झिपमध्ये असलेल्या डिफ्लेट पद्धतीत ३२ केबी. ३२ केबी म्हणजे कमोडोर ६४ ची निम्मी स्मृती. पीसीसाठी बनवलेली झिप आठ-बिट यंत्रावर उलगडायला का जड जाते, याचं उत्तर या आकड्यात आहे.

आवृत्त्यांचा घोळ वेगळाच. डॉसवर झिप उघडणारा पीकेअनझिप हा प्रोग्राम १९९३ च्या आधीचा असेल तर नवी झिप उघडू शकत नाही, कारण डिफ्लेट त्याला माहीतच नाही. स्टफइटने १९९८ मध्ये पाचव्या आवृत्तीत रचना बदलली, ती आधीच्या आवृत्त्यांना वाचता येत नाही, नाव मात्र तेच एसआयटी. डॉससाठी तुम्ही स्वतः झिप बांधत असाल तर पद्धत डिफ्लेट निवडा, दुसरी कुठलीही नको. आणि पीकेअनझिप चालवताना ‘-डी’ हा पर्याय विसरू नका. तो नसेल तर आतले सगळे फोल्डर मोडून फाइली एकाच जागी ओतल्या जातात, आणि सारख्या नावाच्या फाइली एकमेकींवर चढतात.

‘सीआरसी एरर’ असा संदेश दिसला तर घाबरू नका, उलट ती आर्काइव्हची सगळ्यात मोलाची सेवा आहे. बांधताना प्रत्येक फाइलीवरून एक पडताळणी-अंक काढून सोबत ठेवलेला असतो, आणि उलगडल्यावर तो पुन्हा काढून ताडला जातो. झिपमध्ये हा अंक ३२ बिटांचा, म्हणजे योगायोगाने चुकीची फाइल खपून जाण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक. आज जागेची टंचाई नसताना जुने गठ्ठे तसेच का सांभाळायचे, असं काही जण विचारतात. पाकीट आणि हा अंक, या दोन गोष्टी सुट्या फाइलींना नसतात, म्हणून.

एम्युलेटर आहे, तर खऱ्या यंत्राचा खटाटोप कशाला?

फक्त खेळ खेळायचा असेल तर एम्युलेटर पुरेसा आहे आणि त्यात कमीपणा नाही. खरं यंत्र ज्यांना हवं असतं, त्यांना त्याचा कीबोर्ड, त्याचा पडदा आणि त्याच्या चिपचा आवाज हवा असतो. दोघांनाही पाकीट मात्र सांभाळावंच लागतं. शिक्के गळालेली मॅकची फाइल एम्युलेटरमध्येही तितकीच निरुपयोगी असते.

यातून व्हायरस येईल का?

अमिगा, कमोडोर किंवा जुन्या मॅकच्या व्हायरसचा आजच्या संगणकाला धोका नाही, त्या यंत्रांचा कोड त्याला समजत नाही. जुन्या यंत्राला मात्र आहे. १९८७ मध्ये पसरलेला अमिगाचा ‘एससीए’ व्हायरस फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात, बूट ब्लॉकमध्ये बसायचा. सुट्या फाइलींच्या एलएचए गठ्ठ्यात बूट ब्लॉक नसतो, त्यामुळे असा व्हायरस त्यातून येत नाही. एडीएफ आणि डीएमएस मात्र पूर्ण डिस्क उचलतात, व्हायरससकट. म्हणून अनोळखी प्रतिमा चालवून पाहताना तुमच्या इतर डिस्कांवर लिहिण्याची बंदी घालून ठेवा, आणि एका डिस्कवरून दुसरीकडे जाताना यंत्र पूर्ण बंद करून चालू करा.

आणि हे कायदेशीर आहे का?

जुनं झालं म्हणून ते सर्वांचं झालं, असं होत नाही. व्यापारी खेळांवर आणि अमिगाच्या किकस्टार्टसारख्या रॉमवर (यंत्राच्या चिपमध्ये कायमच्या भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरवर) आजही कोणाचा ना कोणाचा हक्क आहे. कंपनी बुडाली म्हणून हक्क संपत नाही. दुसरीकडे निर्धास्तपणे घेता येईल असंही खूप आहे. अमिनेटवरचा संग्रह लेखकांनी वाटण्यासाठीच दिलेला आहे, आणि प्रत्येक गठ्ठ्यासोबत एक छोटी माहितीची फाइल असते. त्यात काम कशाचं, यंत्र कोणतं, स्मृती किती लागेल हे लिहिलेलं असतं. ॲपलनेही मॅकसाठी सिस्टिम ७.५.३ ही कार्यप्रणाली मोफत उतरवायला दिली होती, १९ तुकड्यांत, प्रत्येक तुकडा एका फ्लॉपीत मावेल असा. हे सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये, नावं जराही न बदलता ठेवायचे आणि पहिला उघडायचा. बाकीचे अठरा तो नावावरूनच शोधतो.